मळखाऊ रंग

आमच्या भाईंदरच्या सोसायटीत घरोघरी मॉड्युलर किचन होऊ लागली, तेव्हा आम्हीही स्वयंपाकघर करायला काढलं. रंग मळखाऊच हवा, यावर सासूबाई, नवरा आणि टाइल्सवाला यांचं एकमत होतं. टाइल्स तपकिरी, कपाटं तपकिरी, ओटा काळा.

"भाभी, दाग दिखेगाही नहीं," दुकानदार म्हणाला.

मी त्याला पांढऱ्या टाइल्स दाखवायला लावल्या. त्यांना शोभतील अशी पोपटी कपाटं ठरवली, आणि ओट्यालाही पांढराच दगड.

"अगं, हळदीचा थेंबसुद्धा दिसेल," नवरा म्हणाला.

"दिसू दे. इतकी वर्षं रोज ओटा घासतेय, ते कुणाला दिसलं नाही. आता एक दिवस नाही घासला, तर सगळ्यांना दिसेल."