करावेच्या पुतळाबाईंच्या दोन जागा

पुतळाबाई, तुम्ही गेल्यापासून लोक तुमच्याविषयी वाट्टेल ते बोलतात. कुणी निसर्गप्रेमी म्हणतं, कुणी समाजसेविका. ऐकून तुम्ही हसून बेजार झाला असतात. तुम्हाला तुमची दोन नातवंडं हवी होती, बस. ते तरी कुणी नीट सांगावं, म्हणून हे.

करावे गावच्या पुतळाबाई सत्तरीनंतर खाडीकाठच्या निसर्ग केंद्रात जायला लागल्या. तिथले कार्यक्रम ऋतूप्रमाणे: सुट्टीत मुलांची चिखलफेरी, श्रावणात रानभाज्या, थंडीत फ्लेमिंगो. त्यांना तिथं ओढून नेलं खदीजाबाईंनी. या निवृत्त शिक्षिका; केंद्रातली नावनोंदणी त्यांच्याकडे. पहिल्याच चिखलफेरीत पुतळाबाईंनी लुगडं खोचलं, बिळात हात घातला आणि खेकडा बाहेर काढला. पोरं किंचाळली, आयांनी व्हिडिओ काढले.

त्यातला एक बोनकोड्याला पोचला, मुलाकडे. कुंदनच्या आता दोन इमारती होत्या. तो त्याच संध्याकाळी आला.

"आय, घरात काय कमी हाय? लोक म्हनतील, पोरगा पोसत नाय."

"पोरांना दाखवते रं. तुझी पन दोगं पाठव."

"माझी इंग्लिश मीडियमला हायेत. चिखलात नाय लोळत."

"तू लोळलास ना? मेलास काय?"

तो उठून गेला. त्याचं येणं थांबलं आणि नातवंडांचंही.

पुढं प्रत्येक कार्यक्रमाआधी पुतळाबाई सांगायच्या, "बाई, दोन जागा ठेवा." खदीजाबाई ठेवायच्या. जागेसाठी भांडणाऱ्या पालकांना सरळ परत पाठवायच्या. नातवंडं काही यायची नाहीत. "गाडी नसंल भेटली," पुतळाबाई म्हणायच्या. ज्याच्या दारात दोन गाड्या उभ्या, त्याच्याबद्दल.

शेवटी खदीजाबाईंचा संयम सुटला. कुंदन शाळेत त्यांच्याच वर्गात होता. "मी जाते बोनकोड्याला. बापासकट कान धरून आणते पोरांना."

"आता नको. त्याच्या घरचा गनपती होऊ द्या."

"का म्हणून?"

"आरतीचा पहिला मान आयशीचा. आता तुमी गेलात तर त्याला वाटंल, म्हातारीनं मानासाठी मानूस धाडला. त्यानं बोलवावं, मग बघू."

खदीजाबाईंना हा हट्ट मुळीच पटला नाही, पण त्या थांबल्या. गणपती आले. पुतळाबाई नवं लुगडं नेसून ओटीवर बसून राहिल्या. बोलावणं आलं नाही. विसर्जनानंतर त्या स्वतःच म्हणाल्या, "जावा आता." सोमवारचं ठरलं. रविवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच पुतळाबाई गेल्या.

दुपारी घर माणसांनी भरलं. नातवंडं आजीपाशी बसली होती, परक्या घरात बसावीत तशी. सून नमिता खदीजाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

"बाई, आम्ही आरती थांबवून धरली होती. पाहुणे ताटकळले, गुरुजी चिडले. मी म्हटलं, फोन करा. तर हे म्हणाले, आय काय पावनी हाय का बोलवायला? तिचंच घर हाय, येईल."

कुंदन भिंतीला टेकून उभा होता. वर्गात उत्तर आलं नाही की उभा राहायचा, तसाच. खदीजाबाईंच्या अगदी तोंडाशी आलं होतं की मी उद्या येणारच होते, तिनंच जायला सांगितलं होतं. ते सांगून आता कुणाचं काय भलं होणार होतं? त्या नमिताला पाणी आणायला उठल्या.

सोमवारी त्यांनी बोनकोड्याची रिक्षा केली नाही. पुढंही कधी केली नाही.