तिसऱ्या रांगेतलं हसू

अँब्रोज ऑकेन्डन मरायचा फार छान. आमच्या शोरहॅमला समुद्रावर सिनेमा कंपनीचा काचेचा स्टुडिओ होता, तिथे तो पगारावर होता आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात मरत असे. कधी बुडून, कधी गोळी लागून, कधी नुसताच झिजून. लांब चेहरा, खोल डोळे. मृत्यू त्याला शोभायचा. मटणाच्या दुकानवाल्या मिसेस स्टेनिंग त्याला दारात बघितलं की विचारायच्या, "काय ऑकेन्डन, आज कशानं गेलात?" तोही टोपी काढून सांगायचा, "आज क्षयानं, बाई. अर्धा शेर किडनी द्या."

तो मूळचा जवळच्याच वर्दिंग गावचा. तिथे कापडाच्या दुकानात गज घेऊन उभा असायचा. नाटकाचं वेड लागलं, म्हणून एका फिरत्या कंपनीबरोबर पळाला. पण त्याचा आवाज कानाशी गुणगुणणाऱ्या डासासारखा. पुढच्या दोन रांगांपलीकडे कुणाला काही ऐकू जायचं नाही. मॅनेजरनं त्याला आधी नोकराची कामं दिली, मग प्रेताची, मग नारळ. त्याच सुमारास इथे काचेचा स्टुडिओ उभा राहिला. तिथे मूकपट निघत, आवाज लागतच नव्हता. जुन्या रेल्वेच्या डब्याचं घर करून तो वाळूवर राहायला लागला आणि सुखी झाला.

मी हाय स्ट्रीटवरच्या थिएटरात पियानो वाजवायची. पडदा माझ्यासमोर आणि लोक पाठीशी, पण पाठीमागे काय चाललंय ते वाजवणाऱ्याला कळतं. एका आठवड्यात त्याचं खाणीवरचं चित्र लागलं होतं. शेवटी दरड कोसळते, बायको त्याचं डोकं मांडीवर घेते, तो काहीतरी बोलतो आणि जातो. पडद्यावर अक्षरं येतात, 'मेरी, आपल्या बाळाला जप.' मी हळू सूर धरला होता, बायका डोळे पुसत होत्या, आणि तिसऱ्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. थिएटरचे मालक मिस्टर गॅसन चिडून लाल झाले. हसणाऱ्या बाईला बाहेर काढतो म्हणाले.

अँब्रोजच्या कानावर हे गेलं तेव्हा मला वाटलं, याला आता वाईट वाटणार. तो स्वतःची चित्रं कधी बघत नसे. पण तो दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात हजर. कोण हसतं, म्हातारी की तरुण, टिंगल करते की खरंच हसते, सगळं त्याला जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, मला पाठीला डोळे नाहीत. मग तो स्वतःच संध्याकाळी चौथ्या रांगेत येऊन बसला.

खेळ सुटल्यावर पायऱ्यांवर त्यानं तिला गाठलं. हेस्टर लिंडफील्ड, ब्रायटनला टोप्यांच्या दुकानात पिसं बसवायची, शोरहॅमला आईपाशी राहायची. मी मागेच होते. तो काहीतरी विचारत होता आणि ती त्याच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघत होती. मग ती सपाट, एकसुरी आवाजात म्हणाली, "मी बहिरी आहे. लहानपणी तापात कान गेले. पण ओठांवरचं वाचते."

"मग हसलात कशाला?"

"तुम्ही मरताना त्या बाईंना म्हणता, 'जरा गुडघा काढा हो पोटावरनं, दुपारचं मटण वर येतंय.' "

मी त्याच्या कानांचा रंग बदलताना पाहिला. स्टुडिओत सगळे असंच करत. तोंड हललं म्हणजे झालं. त्यानं चाचरत विचारलं, आणखी कुठल्या चित्रात काय म्हणालो? तिनं सगळं सांगितलं. दुष्ट जहागीरदार होऊन गरीब मुलीला धमकावताना तो फ्लॅनेलच्या कापडाचे भाव सांगत होता. पाद्री होऊन लग्न लावताना नवऱ्या मुलाच्या मिशीला डिंक कमी पडलाय म्हणत होता. ब्रायटनचे सगळे बहिरे त्याची चित्रं विनोदी म्हणून बघायला येत.

त्यानंतर रविवारी ती त्याच्या डब्याच्या घरी चहाला जाऊ लागली. आईनं बोल लावू नये म्हणून मला बरोबर न्यायची. त्याला एकच ध्यास लागला होता. मरणारा माणूस काय म्हणत असेल? तिनं विचार केला आणि सांगितलं, तिचे वडील गेले तेव्हा त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याला कडी लावलीस का, एवढंच विचारलं होतं. पुढच्या चित्रात तापानं मरताना अँब्रोज खुराड्याबद्दल बोलला. अक्षरं भलतीच आली, देवाची आणि देशाची. पण ज्यांना ओठ वाचता येत नव्हते तेही त्या वेळी खोकायचे थांबले. दिग्दर्शक थर्लो साहेबांनी त्याला विचारलं म्हणे, वेगळं काय केलंस? तो म्हणाला, काही नाही, शब्द बदलले.

मग ते कैद्याचं चित्र आलं. गजांआडून तो प्रेयसीचा निरोप घेतो. नेमकी त्या आठवड्यात हेस्टर सर्दीनं अंथरुणात. सोमवारी खेळ चालू असताना मागे एकदम खुर्च्या वाजल्या. ब्रायटनचा बहिरा चांभार जेबेझ फॉगडन उभा राहून हातवारे करत होता, त्याचे सोबती त्याच्या पाठीवर थापा मारत होते. खेळ अर्धा सोडून तो तडक हेस्टरच्या घरी गेला आणि खिडकीच्या काचेबाहेरून हातवारे करून त्यानं तिला सांगितलं, की ऑकेन्डन पडद्यावरून तुला मागणी घालतोय, नाव घेऊन.

तिनं विश्वास ठेवला नाही. शनिवारी, शेवटच्या खेळाला, शाल गुंडाळून आली आणि पहिल्या रांगेत बसली. मी त्या जागी काय वाजवलं ते मला आठवत नाही. खेळ सुटला तेव्हा अँब्रोज बाहेर तिकिटाच्या खिडकीपाशी उभा होता, चेहरा पांढराफटक. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गज मध्ये येत होते, नीट दिसलं नाही," ती म्हणाली. "परत म्हणा."

त्यानं परत म्हटलं, आवाज न करता. ती म्हणाली, "हो. पण तुमचा तो डबा गळतो, आधी छप्पर करा."

छप्पर झालं, लग्न झालं. बरीच वर्षं बरी गेली. मग बोलपट आले. अँब्रोजच्या आवाजाची एकदा लंडनला परीक्षा घेतली. यंत्रावरच्या माणसानं विचारलं, हा बोलायला कधी लागणार? काम संपलं. माझाही पियानो गॅसननं विकला. पण सगळ्यांत जास्त नुकसान हेस्टरचं झालं. अक्षरं गेली, नट पाठमोरे बोलू लागले, पिस्तूल कशावरून निघालं ते तिला कळेना. तिनं थिएटरला जाणंच सोडलं.

अँब्रोज तेव्हा गॅसनकडेच दारावर उभा असायचा. तो बोलपट पुन्हापुन्हा बघू लागला, संवाद पाठ करू लागला. मग त्यानं मालकांना गळ घातली. मंगळवारी दुपारी पडद्याच्या डाव्या बाजूला स्टुलावर, लहानशा दिव्याखाली तो बसायचा आणि सगळ्यांचे संवाद ओठांनी म्हणायचा. नायकाचे, आजीचे, पोलिसाचे. हेस्टर पुन्हा येऊ लागली, शिवाय ब्रायटन, लुइस, लिटलहॅम्प्टनहून बहिरी माणसं येत. ऐकू येणाऱ्यांनी तक्रार केली की दिवा डोळ्यांत येतो. गॅसन म्हणाले, मंगळवारी नका येऊ.

एकदा खेळानंतर हेस्टर त्याला खडसावताना मी ऐकलं. पडद्यावरच्या तरुणाचे ओठ तिनं स्वतः वाचले होते आणि ते वेगळं बोलत होते.

"त्यानं तिला नुसतं 'बरं आहे' म्हटलं," ती म्हणाली. "तुम्ही एवढं लांबलचक काय सांगत होता?"

"अगं, मुलगी रडत होती," अँब्रोज म्हणाला. "कुणीतरी काहीतरी बोलायला नको?"

दुसऱ्या महायुद्धात थिएटर बंद पडलं आणि तिथे वाळूची पोती भरायला लागले. त्याची चित्रं कंपनीनं आधीच वितळवून टाकली होती, फिल्मवरच्या चांदीसाठी. एकही उरलेलं नाही. मी लंडनला दोनदा पत्र घालून विचारलं. अँब्रोजला त्याचं काही वाटत नसे. तो एका वसंतात, खरोखरचा, झोपेतच गेला.

हेस्टर आता माझ्या शेजारी राहते. अलीकडे मला कमी ऐकू येतं, म्हणून ती मला ओठ वाचायला शिकवते. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, त्यामुळे माझी फजिती होते. काल मी मीठ घेऊन आले; तिनं पीठ आणायला सांगितलं होतं, म्हणे.