पातळ भिंतीचा आवाज

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, तीस वर्षं मिलिंग मशीनवर होते. कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून दोन मिलिमीटर जाडीच्या भिंतींची पेटी कोरून काढायची, हे त्यांचं काम. भिंत पातळ झाली की कटरखाली थरथरते आणि बारीक आवाजात किंचाळते. तेव्हाच वेग उतरवला नाही, तर तिच्यावर लाटा उमटतात आणि पेटी भंगारात जाते. दाजी पेटीत वितळलेलं मेण ओतून गोठू देत, म्हणजे भिंतीला आतून आधार मिळे. ताईचं एक चांगलं पातेलं त्यापायी कायमचं कामी आलं. बाकी सगळी भिस्त कानांवर.

मी तिथेच माल तपासतो. ही नोकरी दाजींनीच लावून दिली, पण मी असा खडूस की त्यांचाही माल नख फिरवल्याशिवाय सोडत नसे. गेल्या वर्षी एका भिंतीवर नख अडखळलं.

"दाजी, ही ओरडली नाही का?"

"छे! लोण्यासारखं कापत होतं की."

ती भिंत कापताना मी दहा पावलांवर होतो. त्या आवाजाने माझे दात आंबले होते. टीव्हीच्या आवाजावरून ताई घरी रोज का भांडते, ते मला तेव्हा कळलं. साहेबांना कळतं तर त्यांनी दाजींना त्याच दिवशी मशीनवरून उतरवलं असतं, आणि त्या मशीनखेरीज दाजींना दुसरं काही नव्हतं.

मग शेवटच्या कापाला मी काहीतरी निमित्त काढून समोर उभा राहू लागलो. भिंत किंचाळली की बोट वर करायचो. दाजी माझ्याकडे पाहिलंच नाही असं दाखवत वेग उतरवायचे. आम्ही दोघांनी याबद्दल अवाक्षर काढलं नाही. चार महिने एकही पेटी वाया गेली नाही. "कानसेन ते कानसेनच!" साहेब म्हणाले. दाजी खुशीत हसले. मला मात्र मान वर करवेना.

एके दुपारी घाम पुसायला मी हात वर केला. दाजींनी चटकन वेग उतरवला. कटर तर अगदी शांत चालला होता. माझा चेहरा पडला आणि तो त्यांनी पाहिला.

काप पुरा करून त्यांनी मशीन बंद केलं.

"मला वाटत होतं," ते म्हणाले, "थोडं मलाही ऐकू येतंय."

ते स्वतःच साहेबांकडे गेले आणि ठोकळे तोडायच्या करवतीवरचं काम मागून आले. मग पेटीतलं मेण काढून त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवून पातेलं खरवडत बसले. मी नख फिरवलं. कुठेही अडखळलं नाही.

"ओरडली नव्हती ना रे?" त्यांनी तसंच पाठमोरं विचारलं.

"नाही दाजी. अजिबात नाही."

ते उत्तराची वाट बघत पातेलं खरवडत राहिले.

"अरे, सांग की," ते म्हणाले.