पत्र्याखालची परीक्षा

सोलापुरात सात रस्त्याजवळ कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे आपा म्हणतात. बजेट कमी आणि कॅबिनेट मात्र रंगीत दिव्यांचं हवं, असं कुणी म्हटलं की त्या सांगतात, "दिव्यांसाठी दिवाळी हाय की. पैसे मदरबोर्डात घाला."

जोडलेलं मशीन त्या लगेच देत नाहीत. पोटमाळ्यावर, तापलेल्या पत्र्याखाली, भर दुपारी ते चालू ठेवतात आणि शेजारीच बसून जेवतात. माझ्या मुलीचं मशीन तिथं तासाभरात बंद पडलं. सोमवारपासून तिला घरून काम सुरू करायचं होतं. आता आपा उन्हाला दोष देतील, असं मला वाटलं. त्यांनी मदरबोर्ड काढला. "माझीच निवड चुकली. उद्या या."

दुसऱ्या दिवशी ऊन आणखी कडक होतं. दुपार कलली तरी नव्या बोर्डाचं मशीन चालूच होतं. लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा आपांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला.

"ताप न्हाय. न्या घरी."

जुळे सोलापूरपर्यंत मी स्कूटर वरातीतल्या घोड्यासारखी चालवली. मागं मशीन मांडीवर घेऊन बसलेली मुलगी सिग्नलला शेजारच्या अनोळखी रिक्षावाल्याला सांगत होती, "आपांकडं पास झालंय."