रांजणाची चव

निळीच्या रांजणाजवळ बाईने जायचं नाही, हा जपानमधल्या तोकुशिमातल्या त्या रंगशाळेचा जुना नेम. तरी गेली काही वर्षं पहाटे रांजणाची चव शिगेच घेत होती.

तापातून उठल्यावर तिच्या नवऱ्याची, यासुबेईची चव गेली. रांजणाला चुना हवा की नको, हे जिभेलाच कळतं. जीभ गेलेल्या रंगाऱ्याला कापड कोण देणार? गडी यायच्या आत ती बोट बुडवून जिभेला लावायची आणि हलकेच म्हणायची, "रांजण आज भुकेला आहे." मग यासुबेई चुना घालायचा. एवढीच घटका त्या घरात तिची स्वतःची होती.

जर्मनीहून कारखान्यातली नीळ बंदरात उतरू लागली, त्याच सुमारास मुलगा कोसाकु तोक्योहून रसायनशास्त्र शिकून आला. त्याच्या गुरुजींनी परदेशात शिकून तिथे प्रयोगशाळा उभारली होती. कोसाकुने रांजणातलं पळीभर पाणी घेतलं, थेंबथेंब आम्ल टाकलं आणि दर थेंबाला तांबड्या कागदाचा तुकडा बुडवून पाहिला.

"कागद निळा व्हायचा थांबेपर्यंत टाकत राहायचं, बाबा. थेंब कमी लागले तर चुना कमी पडलाय."

"इथे माझी नखंसुद्धा निळी होतात. तुझ्या कागदाचं काय कौतुक?"

"जीभ चुकते."

"तुझ्या आजोबांची नाही चुकली."

"त्यांची नाही. तुमची?"

यासुबेई उठून गेला. नुकताच कापडाचा एक गठ्ठा फिका उतरला होता आणि व्यापाऱ्यापुढे तो मान खाली घालून उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिगे रांजणापाशी वाकली, पण तिने बोट बुडवलं नाही.

"कोसाकुचा कागद लावा."

"पोराचं खूळ ते."

"चुन्याने माझी जीभ भाजलीय. काही कळत नाही. तो गठ्ठा माझ्या चुकीच्या अंदाजाने बिघडला."

"ठाऊक आहे मला."

"मग बोलला का नाहीत?"

यासुबेईने रांजणावरचा फेस काठीने बाजूला सारला. "बोललो असतो तर तू पहाटे आली नसतीस."

शिगेनेच कोसाकुला हाक मारली. तो आला. बापाच्या हाताला हात देत त्याने थेंब टाकून दाखवले. थोड्याच थेंबांत कागद निळा व्हायचा थांबला. यासुबेई चुना आणायला गेला.

गडी यायची वेळ झाली होती. शिगेचं बोट आज कोरडंच होतं. ती भाताची चूल पेटवायला गेली.