प्लास्टिकमधली खुर्ची

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, म्हणजे तुम्ही नोकऱ्या लावून देता का? एका गावात तर एका गृहस्थांनी मुलाचा बायोडेटाच माझ्या हातात ठेवला होता. नाही हो. लहान मुलाचं काम म्हणजे बसणं, जेवणं, शर्टाची बटणं लावणं, पेन्सिल धरणं, खेळणं. शरीराच्या अडचणीमुळे ज्याला ते जमत नाही, त्याला ते जमेल अशी काहीतरी सोय करायची, हे माझं काम. मी नाशकात राहते आणि आसपासच्या प्राथमिक शाळांमधून फिरते. शाळा भरपूर आणि मी एकटी, त्यामुळे एका शाळेत जाऊन आले की पुन्हा तिथं पाय लागायला महिना उलटतो. मधल्या काळात मी सांगितलेलं किती पाळलं जातं, ते विचारू नका.

वणीच्या रस्त्याला लागून एक गाव आहे. सगळीकडे द्राक्षांच्या बागा. तिथल्या शाळेत दुसरीत एक मुलगी होती. आईबाप सुरगाण्याकडचे, बागेच्या कामाला आले आणि मालकाच्या शेतातल्या वस्तीवरच राहिले. पोरगी जन्मली तेव्हा लवकर रडली नाही, मेंदूला इजा झाली, आणि पाय ताठ, कंबर सैल अशी वाढली. डोक्यानं मात्र तल्लख. कोणाचा खोडरबर कोणी ढापला हे वर्गात सगळ्यात आधी तिला कळायचं. बोलायची जरा अडखळत, पण बोलायची थांबत नसे.

तिची अडचण एवढीच होती की तिला बसता येत नव्हतं. जमिनीवर बसवली की दोन्ही तळवे फरशीवर घट्ट रोवायची. एक उचलला की कलंडलीच. आता सांगा, दोन्ही हात पडू नये म्हणून गुंतलेले असतील तर पोरीनं पेन्सिल धरायची कशानं? पायानं? पहिलीचं अख्खं वर्ष वर्गशिक्षिका मला म्हणत राहिल्या की हिला लिहायचं कळत नाही. अहो, कळतं सगळं, हात कुठं मोकळे आहेत!

मग तिची आई यायला लागली. वर्गाच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून ती बसायची आणि पोरीला पुढ्यात घ्यायची. आईच्या पोटाला पाठ लागली की पोरगी सरळ बसायची, आणि मग वाकडंतिकडं का होईना, लिहायची. बाई रोज शाळा सुटेपर्यंत तशीच बसून. पाढे सुरू झाले की हळूच तीही म्हणायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला गलबलून आलं आणि दुसऱ्याच क्षणी राग आला. एका बाईनं तिचं सगळं काम सोडून खुर्चीची पाठ व्हायचं, याला काय अर्थ आहे?

तिनंच मला श्रावणात सांगून टाकलं होतं. बोलणं सरळ, रडगाणं नाही. म्हणाली, "मॅडम, दिवाळीनंतर बागेत कामं निघत्यात. मंग मी बसाय येणार नाय. पोरगी घरी राहील." घरी म्हणजे वस्तीवरच्या खोलीत, खाटेवर, दार उघडं टाकून. येताजाता कोणीतरी डोकावायचं. शाळेच्या भाषेत त्याला घरून शिक्षण म्हणतात. त्यात शिक्षण किती आणि घर किती, ते मी पुष्कळ खाटांवर पाहिलंय.

तेव्हा मुदत ठरली, दिवाळी. मी तालुक्याच्या ऑफिसच्या खनपटीलाच बसले. माप मी घेतलं, चित्र मी काढलं, सुताराच्या डोक्यावर उभी राहून लाकूड तासून घेतलं. उंच पाठ, कडेला आधार, कमरेला पट्टा, पाय टेकायला फळी, आणि पुढे अर्धगोल कापलेलं टेबल, म्हणजे ते पोटाशी नीट लागेल. निळं रेक्झिन. खरं सांगते, इतकी देखणी खुर्ची माझ्या स्वतःच्या घरात नाही. गणपतीच्या आधी ती शाळेत पोहोचली आणि मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

हेडसरांनी हळदकुंकू लावून खुर्चीची पूजा केली. नारळ फोडला. पोरीला पाच मिनिटं तिच्यावर बसवलं, सगळे भोवती उभे राहिले, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, अंगठ्यांचा पाऊस पडला. सुतारानं गुंडाळलेलं प्लास्टिक कोणी काढलं नव्हतं, मी काढायला गेले तर सर म्हणाले, राहू द्या मॅडम, आम्ही काढतो. मला पुढच्या शाळेत पोहोचायचं होतं. मी निघाले.

पुढच्या खेपेला वर्गात गेले तर आई तिथंच, भिंतीला टेकून. खुर्ची? ऑफिसात, सरांच्या कपाटाशेजारी, प्लास्टिकसकट. वर एक जुनं वर्तमानपत्रही घातलेलं, धूळ बसू नये म्हणून. सर म्हणाले तालुक्याचे साहेब व्हिजिटला येणार आहेत, तोवर जरा नीट राहू दे. मी खुर्ची उचलून वर्गात नेली, पोरीला बसवलं, शिक्षिकेला पट्टा कसा लावायचा ते शिकवलं आणि निघाले. त्यानंतरच्या खेपेला खुर्ची परत ऑफिसात. यावेळी कारण असं की मधल्या सुट्टीत बाकीची पोरं तिच्यावर चढतात, रेक्झिन फाटेल. आणि साहेब? साहेब काही आले नव्हते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सरांना मी वाईट म्हणणार नाही, जीव तळमळतो तरी म्हणणार नाही. पोरं शाळेत यावीत म्हणून हा माणूस सकाळी मोटरसायकलवरून वस्त्यावस्त्यांवर फिरतो. पण शाळेतली प्रत्येक वस्तू डेड स्टॉकच्या, म्हणजे टिकाऊ सामानाच्या, रजिस्टरला चढते आणि तिचं काही झालं तर जाब यांना द्यावा लागतो. पूर्वी एका कॉम्प्युटरची वायर उंदरांनी कुरतडली, तर त्या उंदरांच्या वतीनं खुलासे लिहून देता देता यांच्या नाकी नऊ आले होते. तेव्हापासून नवीन काही आलं की ते थेट कपाटात. तिथं कॅरमबोर्ड होता, पृथ्वीचा गोल होता, फुटबॉल तर हवा न भरताच म्हातारे झाले होते. शाळेचं भलं या माणसानं कुलपात जपून ठेवलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यांची गचांडी धरावीशी वाटायची.

दिवाळीची सुट्टी संपली. मी त्या शाळेत गेले तेव्हा बागांमध्ये बायका दिसायला लागल्या होत्या. आई वर्गातच होती, पण मला पाहून उठली नाही, हसलीही नाही. मुकादमानं सोमवारपासून बोलावलंय एवढंच म्हणाली. तो शुक्रवार होता. पोरगी तिच्या पुढ्यात बसून वही भरत होती, आणि सोमवारपासून आपली शाळा बंद हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी तडक ऑफिसात गेले. खुर्ची होती तिथंच होती, वर्तमानपत्र बदललेलं. मी सरांना सगळं पुन्हा सांगितलं, शांतपणे, दात आवळून. सोमवारी पोरीची शाळा सुटतेय, कायमची, आणि तिची शाळा टिकवणारी वस्तू तुमच्या कपाटाला टेकून उभी आहे. सरांनाही वाईट वाटलं, ते दिसत होतं. ते खुर्चीकडे बघत राहिले, चष्मा काढून पुसला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, मी नाही कुठं म्हणतो? पण अजून नवीकोरी आहे हो. जरा जुनी होऊ द्या, मग वर्गात देऊन टाकू."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती गेली. कपाटाशेजारी उभी राहून, प्लास्टिक पांघरून ही खुर्ची जुनी कधी होणार होती? पोरगी दहावीला गेल्यावर?  मी खुर्ची उचलली आणि व्हरांड्यात आणली. जेवणाची सुट्टी झालेली, पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन ओळीनं बसलेली. मी पर्समधून कात्री काढली आणि ते प्लास्टिक उभं फाडलं. त्या आवाजाला सगळी शाळा वळली.

मग मी पोरांना म्हटलं, या रे, बसा एकेकानं. आधी कोणी उठेना, सर मागं उभे होते ना. मग एक धीट पोरगी आली, बसली, खाली उतरली. त्यानंतर अख्खी शाळा लोटली. खिचडीचे पिवळे हात रेक्झिनला पुसले जात होते. चिखलाच्या चपला पायफळीवर चढत होत्या. मी पर्समधून स्केचपेन काढलं, एका पोराच्या हातात दिलं, म्हटलं या टेबलावर काय वाटेल ते काढ. त्यानं ट्रॅक्टर काढला. पुढच्यानं त्याच्यावर डोळेवाला सूर्य काढला. वर्गशिक्षिका खांबाआड तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, रडत होत्या की हसत होत्या देव जाणे. मी स्वतः टेबलावर खिचडीची एक ताटली पालथी केली. वेड लागल्यासारखं झालं होतं मला, आणि बरं वाटत होतं.

सर जवळ आले. चेहरा उतरलेला. मॅडम, हे काय केलंत, असं इतक्या हळू म्हणाले की मला क्षणभर लाज वाटली.

"जुनी केली, सर," मी म्हटलं. "आता द्या वर्गात."

 सरांनी खाली वाकून खुर्चीची एक बाजू धरली. दुसरी मी धरली. आम्ही दोघांनी ती वर्गात नेली. पोरीला बसवलं, पट्टा लावला, टेबल पोटाशी ओढलं. आणि गंमत बघा, तिचे हात उठेनात. दोन्ही तळवे टेबलावर घट्ट रोवलेले, जमिनीवर रोवायची तसेच. पडायची भीती हातांतच बसली होती. मी पेन्सिल पुढे ठेवली आणि गप्प राहिले. गप्प राहणं मला जमत नाही, पण राहिले. बऱ्याच वेळानं तिनं एक बोट उचललं. मग हात. मग दुसरा हातही उचलला आणि दोन्ही हात हवेत धरून ती स्वतःकडेच बघत राहिली. पडली नाही.

तिची आई अजून मागं भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. पुढ्यात कोणी नव्हतं. तिच्या ते लक्षातच आलेलं नव्हतं बहुतेक. मी वळून पाहिलं तेव्हा ती भिंतीचा आधार घेत उठली, साडी झटकली, दारापर्यंत गेली आणि तिथंच अडली.

"मी जाऊ का गं?" तिनं पोरीला विचारलं.

पोरीनं मान वर केली नाही. ती ट्रॅक्टरला चाक काढत होती. आई थोडा वेळ उंबऱ्यात थांबली आणि मग गेली.

पुढच्या महिन्यात मला तालुक्याच्या ऑफिसातून खुलासा मागणारं पत्र आलं, शासकीय मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल. कोणी कळवलं ते मी विचारलं नाही. मी लिहून दिलं की हो, मीच केली, आणि दुसऱ्या शाळेत तशीच एक खुर्ची कुलपात आहे, तिथंही जाणार आहे. साहेबांनी फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. मीही बोलले. या नोकरीत पोरांना शिकवण्यापेक्षा मोठ्यांशी भांडण्यातच आयुष्य चाललंय, हे मी घरी रोज म्हणते आणि घरचे रोज ऐकून घेतात.

त्या शाळेत परत गेले तेव्हा वाटेत बागेत तिची आई दिसली. वेलीखाली उभी, दोन्ही हात वर घडांमध्ये, म्हणून तिनं नुसती मान हलवली. शाळेत आधी ऑफिसात डोकावले, सवयच लागली होती. कपाटाशेजारचा कोपरा रिकामा होता. सर म्हणाले, मॅडम, ती खुर्ची फार घाण झालीय हो, साहेबांना दाखवायला बरी दिसत नाही, एक नवीन मागवता येईल का? मी कपाळावर हात मारून घेतला आणि वर्गात गेले.

पोरगी खुर्चीत होती. रेक्झिनला खिचडीचा डाग, कडेच्या आधाराला एके ठिकाणी उसवलेलं, टेबलावर ट्रॅक्टरशेजारी तिचं नाव, तिच्याच अक्षरात, मोठं आणि वाकडं. शिक्षिका म्हणाल्या सकाळी आई कामावर जाता जाता सोडते, दुपारी स्वयंपाकाच्या मावशी तिला बाथरूमला नेतात, बाकी काही अडत नाही. पायफळी जरा खाली घ्यायला हवी होती, पोरगी वाढली होती. मी वाकले आणि खुर्ची माझ्याकडे ओढायला लागले. तिनं पेन्सिल टाकली, दोन्ही हातांनी माझं मनगट पकडलं आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "माझी हाय."

मी हात काढून घेतला आणि आधी तिची परवानगी विचारली.