कडुनिंबाखाली रेंज फुल्ल होती

हे आईलाही ठाऊक नाही. दर रविवारी तिला जतला फोन करतो, काय खाल्लं, कुठं झोपलो, सगळं सांगतो — पण हुडकेश्वरच्या दवाखान्यापाशी आलो की विषय बदलतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

मी नववीत शाळा सोडली. नागपुरात मला कोण उभं करणार होतं? ज्या साहेबांनी केलं, त्यांच्याकडे शहरातल्या सरकारी इमारतींना इंटरनेट द्यायचं काम होतं. कुठं जमिनीतून वायर न्यायची आणि कुठं सिमकार्डाच्या बॉक्सवर भागेल, हे ठरवायला आधी माणूस जाऊन बघून येई. तो माणूस मी. प्रत्येक खोलीत जायचं, मोबाइलवर स्पीड बघायचा, बास. साहेब बजावायचे, "दार लावून पाय गा. गेटवर त सगळीकडंच रेंज राहते."

मी गेटवरून बघितलं.

मे महिना, लसीकरणाचा दिवस, दारापर्यंत बायका आणि रडणारी पोरं. त्यांच्यातून आत शिरायचं, डॉक्टरनं हटकलं तर बोलायचं — मला शिकलेल्या लोकांशी बोलायची भीती वाटायची. अजून वाटते. पण भीती कशाला पुढं करू? नाही गेलो, एवढंच. गेटाजवळच्या कडुनिंबाखाली उभा राहिलो. मोबाइलवरचा स्पीडचा काटा हिरव्यात गेला. साहेबांना फोन केला : सगळ्या खोल्या बघितल्या, सिमवर भागतंय.

तेवढ्यात दारातून तिथल्या नर्स, वंदना सिस्टर, ओरडल्या, "बाहेर काहून उभा हायेस गा? आत ये, पाणी पी. तुले नाही टोचत सुई!" बायका हसल्या. मी हात हलवला नि सटकलो.

बॉक्स बसवायलाही मीच गेलो. दिवा एकदा हिरवा झाला, तेवढ्यावर निघालो. सिस्टर घाईत होत्या — "बुढीले दोन घास देऊन येतो गा." घर दवाखान्यामागंच, सासू अंथरुणाला खिळलेली. दुपारी धावत जाऊन तिला भरवून यायच्या. म्हणजे हे मला माहीत होतं. आधीपासून.

आत जाड भिंती, लोखंडी कपाटं; बॉक्सला रेंजच मिळेना. लशींच्या नोंदी चढेनात. मग सिस्टर स्वतःचा मोबाइल घेऊन बाहेर बसायला लागल्या. कुठं? त्याच कडुनिंबाखाली.

एक दिवस वरचे अधिकारी तपासणीला आले. साहेबांनी सोबत मला पाठवलेलं. नोंदी मागं पडलेल्या, सिस्टर झाडाखाली.

"काय सिस्टर, रील पाहून राहिल्या का?"

"आत रेंजच नाही सर. खोटं काहून बोलू मी?"

ते माझ्याकडे वळले. "इथलं तूच पायलं होतं ना? आत होती रेंज?"

एका शब्दाचं काम होतं. फार तर काय झालं असतं? काम गेलं असतं, जतला परतलो असतो —

"होती सर," मी म्हणालो. "फुल्ल होती."

ते 'फुल्ल' कुणी मागितलं होतं?

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. पाहणीच्या दिवशी मी आत पाऊल टाकलं नव्हतं, हे त्यांनीच तर पाहिलेलं. आता सांगतील, आता सांगतील — त्या काही बोलल्या नाहीत. का? माझ्या पोटावर पाय येऊ नये म्हणून? की आपलं कुणी ऐकणार नाही म्हणून? मी कधी विचारलं नाही.

कामात कुचराई म्हणून त्यांची बदली झाली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दुपारी घरी येणं सुटलं. म्हातारीला कोण भरवायचं, तेही मी विचारलं नाही.

त्यांच्या तिथल्या शेवटच्या दिवशी मी बॉक्स बघायला गेलो होतो. त्या पिशवी भरत होत्या. खोलीत आम्ही दोघंच, दार लावलेलं. मोबाइल बघितला — काटा हललाच नाही. त्यांनी मान वर केली. "जेवला का गा?"

मी मोबाइल खिशात टाकला.

त्यांनी स्वतःचा डबा माझ्यापुढं सरकवला. पोळी, वांग्याची भाजी. तेव्हाही सांगता आलं असतं.

मी डबा घेतला. कडुनिंबाखाली बसून सगळा खाल्ला, नळावर धुतला आणि त्यांच्या हातात दिला.